अठरा अक्षरं

सोमवारी सकाळी सव्वादहाला त्रेसष्ट नंबरच्या नमुन्याचा निकाल पडद्यावर आला आणि वैजयंती मगदूमच्या हातातला चहा तसाच गार झाला.

नमुना तिच्या थोरल्या जावेचा, अक्कांचा होता. घरच्या माणसाचा नमुना स्वतः तपासू नये असा केंद्राचा नियम, पण दुसरी तंत्रज्ञ बाळंतपणाच्या रजेवर होती आणि डॉक्टरांना निकाल आजच हवा होता.

मिरजेच्या त्या क्षयरोग केंद्रात हे यंत्र येऊन सहा वर्षं झाली होती. रुग्णाच्या थुंकीतला क्षयाचा जंतू घ्यायचा, त्याची चव्वेचाळीस लाख जनुकीय अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची आणि त्याचं घराणं सांगायचं, हे त्याचं काम. जंतू दुभंगतो तेव्हा अक्षरांची नक्कल होते, आणि नकलेत क्वचित एखादी चूक राहते. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. दोन रुग्णांच्या जंतूंमधल्या चुका जुळवल्या की कोणाचा रोग कोणाकडून आला ते कळतं. वर्षातून एकदा दारात येऊन घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवणारे हेळवी त्या भागात पूर्वी फिरायचे. त्यांच्यावरून केंद्रातल्या लोकांनी यंत्राला हेळवी म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव चिकटलं.

आज हेळव्यानं लिहिलं होतं: जवळचा नातेवाईक आढळला नाही. त्याखाली लाल अक्षरांत आणखी एक ओळ होती. क्षयाच्या जंतूत कधीच नसतो असा एक तुकडा सापडला आहे. लांबी अठरा अक्षरं.

वैजयंतीनं ती अठरा अक्षरं वाचली. पहिली सहा तिला तोंडपाठ होती. पत्राच्या माथ्यावर संस्थेचं नाव छापलेलं असावं, तशी ती सहा अक्षरं एकाच प्रयोगशाळेच्या प्रत्येक जंतूत असायची. ती प्रयोगशाळा बंद होऊन बारा वर्षं झाली होती. वैजयंतीनं तिथं पाच वर्षं नोकरी केली होती.

तिनं उठून दाराला आतून कडी घातली.

क्षयाच्या जंतूत चार हजार जनुकं असतात. त्यातलं कुठलं त्याला जगायला लागतं आणि कुठलं माणसाच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं लपून राहायला, हे कळायचं तर एकेक जनुक बंद करून बघावं लागतं. पण ह्या जंतूचं कवच मेणासारखं आणि वाढ अतिशय सावकाश. बाहेरचं जनुकीय हत्यार तो सहजी आत घेत नाही. त्या प्रयोगशाळेनं तसं हत्यार घडवलं होतं. त्याला सगळे लगाम म्हणायचे. डॉक्सिसायक्लिन हे तापाला, मुरमांना सर्रास दिलं जाणारं औषध थोडंसं घातलं, की लगाम ओढला जाई आणि जंतूचं ठरवलेलं एक जनुक बंद पडे. औषध काढून घेतलं की ते पुन्हा चालू. प्रत्येक जनुकासाठी वेगळा लगाम लावलेला जंतू, त्याची वेगळी नळी आणि त्याच्या अंगात कोरलेली अठरा अक्षरांची वेगळी खूण.

त्यातली एक नळी तेरा वर्षांपूर्वी जूनमधल्या एका दुपारी फुटली होती.

नळ्या गरगर फिरवणारं यंत्र थांबलं की झाकणाला दहा मिनिटं हात लावायचा नाही, असा नियम होता. आत नळी फुटलीच असेल, तर उडालेले तुषार खाली बसू द्यायचे. त्या दिवशी वैजयंती थांबली नाही. तिची लेक ऋजुता आठ महिन्यांची होती, अंगावर पीत होती, आणि पोर बाटली तोंडात धरत नाही म्हणून घरून अक्कांचा तीनदा फोन येऊन गेला होता. झाकण उघडलं तर एक नळी उभी चिरलेली. तिनं जंतुनाशक ओतलं, सगळं पुसलं, तुकडे जाळायच्या पिशवीत टाकले. बाहेर येऊन आरशात पाहिलं तेव्हा कळलं, की मुखवटा डाव्या गालाशी सैल झाला होता.

अपघाताच्या वहीत तिनं काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर दुसऱ्या मिनिटाला बाळापासून लांब ठेवलं असतं, किती महिने कोण जाणे.

आठवड्यानं मोजणीत एक नळी कमी भरली. नळ्या सिरिल लोंढे ह्या तरुण शास्त्रज्ञाच्या ताब्यात असत. लगामाची अर्धी कल्पना त्याचीच. रोगाच्या जंतूची नळी हरवते म्हणजे ती कोणी पळवली का, इथवर संशय गेला. चौकशी बसली, पोलीस येऊन गेले. सगळ्यांसमोर सिरिलनं तिला विचारलं, "वैजयंती, तुझ्या हातून काही झालंय का?"

"नाही सर," ती म्हणाली होती.

महिन्याभरात त्याला काढलं. वर्षभरात प्रकल्प गुंडाळला, साडेतीन हजार नळ्या भट्टीत गेल्या.

आणि आता त्यातला एक जंतू अक्कांच्या छातीत होता.

दुपारी ती छातीच्या रुग्णालयात गेली, तेव्हा अक्का उशीला टेकून बसल्या होत्या. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. चंदना मगदूम, वय छप्पन्न, वीस वर्षांपूर्वी विधवा झालेल्या, सव्वीस वर्षं रेल्वे रुळांपलीकडच्या वस्तीत अंगणवाडी चालवलेल्या. मूल नाही. वैजयंती नोकरीवर जायची म्हणून ऋजुताला त्यांनीच वाढवलं होतं.

"आज लवकर आलीस गं?" अक्का मुखवट्याआडून म्हणाल्या. "ऋजूची सहामाही कधीपासून?"

"गुरुवारपासून."

"तिला सांग, माझ्याकडं यायचं नाही. फोनवर बोलू." त्यांना खोकला आला. रुमाल त्यांनी लगेच मुठीत घेतला, पण तांबडा डाग वैजयंतीला दिसला. दम खाऊन त्या म्हणाल्या, "दिलशादचं काही कळलं का?"

दिलशाद अंगणवाडीतली मदतनीस. चार महिन्यांपूर्वी अक्कांना क्षय निघाला, तेव्हा घरात एकच चर्चा झाली होती, की वस्तीतूनच आला असणार. वैजयंतीचा नवरा श्रेणिक तर उघडच म्हणत असे, "नको तिथं जाऊन बसायची सवय. आणलं की नाही घरी?" दिलशादला खोकला असतो, असं अक्कांनीच पर्यवेक्षिकेला कळवलं होतं. तिची थुंकी दोनदा तपासली, दोन्हीदा काही निघालं नाही. तरी पोरांच्या आयांनी ऐकलं नाही आणि दिलशाद घरी बसली.

"नाही कळलं," वैजयंती म्हणाली.

बाहेर डॉ. मेघना हुपरीकर तिची वाट बघत होत्या. "काविळीचा आकडा पुन्हा चढलाय. नेहमीची औषधं मी आता देऊ शकत नाही, यकृत जाईल. सोसतील अशी दोनच उरलीत, पण ती लागू पडायला दीड वर्ष घेतात. डाव्या फुप्फुसातून रक्त येतंय, वैजयंती. दीड वर्ष आपल्या हातात नाहीये. हेळवी काय म्हणतोय?"

वैजयंतीनं भिंतीकडं पाहिलं. "वाचन अपुरं आलंय. परत लावते."

 तेरा वर्षांपूर्वीही ती अशीच पटकन बोलली होती.

संध्याकाळी ऋजुता शिकवणीला गेल्यावर तिनं श्रेणिकला सगळं सांगितलं. श्रेणिक आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचा. शांत माणूस, पण ऐकताना त्याचे कान लाल होत गेले.

"म्हणजे अक्काला तुझ्यामुळं झालंय?"

"हो."

"मग तू कशी ठणठणीत?"

"माझ्या अंगात तो झोपून असेल. दहातल्या नऊ जणांत तो झोपूनच राहतो."

 त्यानं उठून खिडकी लावली. "हे कुणाला सांगायचं नाही. तुझी नोकरी जाईल ते जाऊ दे, पण पोलीस येतील दारात. ऋजूला शाळेत तोंड दाखवता येणार नाही." फेऱ्या घालता घालता तो एकदम थांबला. "थांब. डॉक्सीनं त्याचा लगाम ओढला जातो म्हणालीस ना? जनुक बंद पडतं? मग दे की गोळी. बोभाटा कशाला करायचा? मी दुधातून देतो. अक्का बरी होईल आणि विषयच मिटेल."

वैजयंतीला ते दिवसभर सुचलं नव्हतं असं नाही. तीच एक वाट तिला सकाळपासून दिसत होती.

श्रेणिक आतल्या खोलीत गेला आणि कपाटातला औषधांचा डबा घेऊन आला. "ह्या घे. तुझ्या हिरड्या सुजल्या होत्या तेव्हाच्या उरल्यात."

तिनं पाकीट हातात घेतलं. दंतवैद्यानं दोन महिने रोज घ्यायला सांगितलेली बारीक मात्रेची डॉक्सी. दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी अजून रबरानं गुंडाळलेली होती. तारीख तीन ऑगस्ट.

ती तारखेकडं बघत राहिली. त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या सुरुवातीला होते. आरतीला ती उभी राहू शकली नव्हती, इतका खोकला. श्वासनलिकेला सूज आहे म्हणून तिनं मनाची समजूत घातली होती. सहा आठवडे अक्कांनी तिच्या उशाशी बसून काढा पाजला होता, पाठ चोळली होती. हिरड्या बऱ्या झाल्या, गोळ्या थांबवल्या, आणि पाठोपाठ खोकलाही आपोआप गेला होता.

"काय झालं?" श्रेणिकनं विचारलं.

"गोळ्या चालू होत्या तोवर तो जागा होता," ती म्हणाली.  "गोळ्या बंद केल्या आणि तो परत झोपला. सगळीच जनुकं जंतूला जगवणारी नसतात. काही त्याला आवरून धरतात. ब्रेकसारखी. आमच्याकडं ब्रेकच्याही नळ्या होत्या. डॉक्सीनं ब्रेक निघाला तर..." तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. "ह्या गोळीनं अक्का महिन्याभरात जातील."

श्रेणिकनं हात मागे घेतला.

कुठली खूण कुठल्या जनुकाची, हे सांगणारी वही फक्त एका माणसाकडं असण्याची शक्यता होती.

सिरिल लोंढे तासगावजवळच्या एका बेदाण्याच्या शीतगृहात बुरशी तपासायचं काम करत होता. मंगळवारी सकाळी वैजयंती तिथं पोचली तेव्हा तो पांढऱ्या कोटात, खोक्यांच्या रांगेत उभा राहून बेदाणे भिंगाखाली बघत होता. केस पिकले होते. तिला ओळखायला त्याला क्षणही लागला नाही.

"बोल," तो म्हणाला. बस म्हणाला नाही.

तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. नळी, मुखवटा, न लिहिलेली वही, अक्का.  ऐकता ऐकता त्यानं भिंग खाली ठेवलं.

"तेरा वर्षं," शेवटी तो म्हणाला. "तुला माहितीय, मी स्वतःवरच संशय घ्यायला लागलो होतो? वाटायचं, मीच कुठं चुकून टाकली असेल. आई विचारायची, बाळा, तू खरंच काही नाही ना केलंस? आई गेली तरी तिच्या मनातून ते गेलं नव्हतं."

"सर, मी..."

"माफी मागू नकोस. आत्ता मला ती ऐकवणार नाही." तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर ट्रक मागं घेताना कोणीतरी ओरडत होतं. मग त्यानं हात पुढं केला. "अक्षरं दाखव."

तिनं कागद दिला. शेवटची बारा अक्षरं वाचताना त्याचे ओठ हलले. वही काढायची त्याला गरज पडली नाही, तरी त्यानं टेबलाच्या खालच्या कप्प्यातून ती काढली, पान उलटलं आणि बोट ठेवलं.

"तुझा अंदाज बरोबर आहे. ब्रेक. अन्न कमी पडलं, हवा कमी पडली की हे जनुक जंतूला झोपवतं. ते बंद केलं की त्याला झोपताच येत नाही. काचेच्या बशीत तो तिप्पट वेगानं वाढायचा."

"म्हणजे उपयोग नाही," वैजयंती म्हणाली. इतक्या लांब येताना तिनं मनात थोडी आशा धरली होती, हे तिला तेव्हा कळलं.

सिरिल वहीकडं बघत होता. "क्षयाची औषधं इतके महिने का घ्यावी लागतात?"

"काही जंतू झोपलेले असतात म्हणून. झोपलेल्याला औषध लागू पडत नाही."

"हं. पेनिसिलिनच्या जातीतलं एक औषध आहे, शिरेतून देतात. जंतू वाढताना स्वतःची भिंत बांधतो, तिथं ते घाव घालतं. यकृताला त्याचा फारसा त्रास नाही. पण क्षयात ते एकटं पुरत नाही, कारण झोपलेला जंतू भिंत बांधतच नाही." त्यानं मान वर केली. "तुझ्या जावेच्या अंगात जगातला एकमेव क्षय आहे, जो आपल्याला हवा तेव्हा सगळाच्या सगळा जागा करता येतो. मी हे उंदरांवर करून बघणार होतो. नळी हरवली त्याच्या पुढच्या महिन्यात."

वैजयंती वहीवर वाकली.

"आणि औषध कमी पडलं तर?"

"तर आपण तिला मारलेलं असेल." त्यानं वही मिटली. "मी येईन. डॉक्टरांशी बोलेन, मोजण्या करीन. पण आधी हे सगळं तिला कळलं पाहिजे. तू सांगायचंस. डॉक्टरांनी नाही, नवऱ्यानं नाही. आणि नळीचं जे खरं ते वरिष्ठांना लेखी कळव, माझ्यासाठी म्हणून नको. उद्या मी तिच्या छातीत काय आहे ते सांगितलं, तर बडतर्फ माणसाचं कोण ऐकणार?"

बसमध्येच तिनं फोनवर निवेदन लिहिलं. दोन पानं झाली. मिरज यायच्या आत ते केंद्राच्या प्रमुखांना आणि डॉ. हुपरीकरांना पाठवून दिलं, कारण घरी गेल्यावर आपण पाठवू याची तिला खात्री नव्हती.

बुधवारी दुपारी अक्कांच्या खोलीत ती, डॉक्टर आणि सिरिल असे तिघं उभे होते. वैजयंतीनं खुर्ची खाटेजवळ ओढली आणि फुटलेल्या नळीपासून नव्या उपचारापर्यंत सगळं सांगायला सुरुवात केली. अक्का एकटक तिच्याकडं बघत ऐकत होत्या. अंगावर पिणाऱ्या ऋजूचं आलं तेव्हा त्यांची पापणी लवली, एवढंच.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"नळीचं तेरा वर्षांपासून. तुमच्यात तोच जंतू आहे हे सोमवारपासून."

"सोमवारी तू इथं आली होतीस."

"हो."

"बोलली नाहीस."

"नाही बोलले, अक्का."

अक्कांनी डोळे मिटले. सलाइनचे थेंब पडत होते. मग त्या म्हणाल्या, "माझा फोन दे."

फोन लावून त्यांनी तो कानाशी धरला.  "दिलशाद? मी बोलते, बाई. ऐक, मध्ये बोलू नको, मला दम लागतो. तुझ्यामुळं नव्हतं गं. माझ्याच घरातून आलंय. मी तुझं नाव घेतलं, चुकलं माझं. पर्यवेक्षिकेला मी आत्ताच सांगणार आहे. नाही, रडू नको. ठेवते."

पर्यवेक्षिकेलाही त्यांनी फोन केला. ते झाल्यावरच त्या डॉक्टरांकडं वळल्या. "आता सांगा. झोपलेल्याला उठवून मारायचं म्हणता. उठला आणि मेला नाही तर?"

डॉ. हुपरीकर गोलमोल बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "तर तुम्ही महिनाभरात जाल."

"आणि नाहीच उठवला तर?"

"वर्ष. कदाचित थोडं कमी."

अक्कांनी वैजयंतीकडं पाहिलं. "वर्षभर इथं पडून रोज हिचं तोंड बघायचं? कागद आणा. कुठं सही करू?"

रुग्णालयाच्या नैतिकता समितीनं दोन बैठका घेऊन शुक्रवारी परवानगी दिली. वैजयंतीला केंद्रातून निलंबित केल्याचं पत्र त्याच दिवशी आलं. पण हेळवी चालवायला दुसरं कोणी नव्हतं. म्हणून मोजण्या तिनं करायच्या आणि शेजारी सिरिलनं बसून प्रत्येक आकड्यावर सही करायची, असं ठरलं.

शनिवारी सकाळी अक्कांनी डॉक्सीची पहिली गोळी घेतली. भिंतीवर घाव घालणारं औषध दिवसातून तीनदा शिरेतून सुरू झालं, जोडीला यकृताला सोसणारी ती दोन. पहिले दोन दिवस काहीच घडलं नाही. सोमवारी ताप चढायला लागला.

चौथ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, ताप एकशे चारवर गेला. अक्कांचे ओठ निळे दिसायला लागले. श्वासाबरोबर बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि खोकल्यातून रक्ताच्या गुठळ्या पडत होत्या. थुंकीतल्या जंतूंची संख्या पहिल्या दिवसाच्या वीसपट झाली होती.

"मी डॉक्सी थांबवतेय," डॉ. हुपरीकर प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. "हे आपल्या हाताबाहेर चाललंय."

"आत्ता थांबवलंत तर जागे झालेले परत झोपतील," सिरिल म्हणाला, "आणि ह्या वेळी वीसपट असतील. मग दुसरी संधी नाही."

"आणि चालू ठेवलं तर अक्का संध्याकाळ बघणार नाहीत कदाचित. वैजयंती, त्या वीसपटातले जिवंत किती आणि मेलेले किती?"

वैजयंतीसमोर आकडे होते. हेळवी फुटलेल्या जंतूंची अक्षरं वेगळी मोजायचा. सकाळी मेलेले शेकडा तीस होते, आता चव्वेचाळीस. पण नमुन्यात रक्त फार होतं आणि एवढ्या रक्तात यंत्र चुकतं, हे तिला ठाऊक होतं. चव्वेचाळीस म्हणून सांगितलं असतं तर डॉक्टरांनी औषध चालू ठेवलं असतं. तिला ते चालू ठेवायला हवं होतं. तिच्या जिभेवर आकडा आलाही होता.

"चव्वेचाळीस दाखवतोय," ती म्हणाली, "पण रक्तामुळं त्यात दहा-पंधराची चूक असू शकते. मेलेले वाढतायत असं मला वाटतं. खात्रीनं नाही सांगता येत."

सिरिलनं तिच्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग होता की आणखी काही, ते तिला कळलं नाही.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "सहा तास," त्या म्हणाल्या. "अक्कांनी सही करताना हेच मागितलं होतं, अर्ध्यात सोडू नका म्हणून. सहा तासांनी पुन्हा मोजा. मी त्यांच्याजवळ बसते."

सहा तासांनी आकडा एकसष्ट आला. बुधवारी सकाळी त्र्याऐंशी. शुक्रवारी ताप उतरला. एकोणिसाव्या दिवशी थुंकीत एकही जिवंत जंतू सापडला नाही, अठ्ठाविसाव्या दिवशीही नाही. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग मात्र कायमचा गेला. अक्कांना यापुढे एक जिना चढायला दोनदा थांबावं लागणार होतं.

त्या महिन्यात बाकी बरंच घडलं. नव्या चौकशी समितीसमोर वैजयंतीची साक्ष झाली, नोकरी परत मिळणार नाही हे स्पष्ट झालं, गुन्हा दाखल करायचा की नाही यावर खल चालू राहिला. सिरिलवरचा ठपका लेखी मागे घेतला गेला. त्याला नव्या प्रकल्पात बोलावणं आलं. त्यानं बेदाण्याचा हंगाम संपेपर्यंत मुदत मागितली. निघताना तो वैजयंतीला एवढंच म्हणाला, "चव्वेचाळीसचा आकडा तू नुसता ठोकून दिला असतास, तर मी उठून गेलो असतो."

श्रेणिकच्या रक्तात काही निघालं नाही. ऋजुताच्या निघालं. रोग नव्हता, पण जंतू होता, झोपलेला. निकाल ऐकून ती दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "मलाही असंच उठवून मारणार?"

"तुला नाही. तुझ्यात थोडे आहेत, तुला साध्या गोळ्या पुरतील. मला मात्र उठवूनच काढायचेत. दोन वर्षांपूर्वी माझ्यात ते पसरून बसलेत."

"तू मरशील?"

"डॉक्टर म्हणतात, नाही. अक्का वाचल्या म्हणजे आता त्यांना रस्ता माहीत झालाय."

वैजयंतीनं दवाखान्यात दाखल व्हायचं त्याच्या आदल्या दिवशी अक्का घरी आल्या. श्रेणिकनं त्यांना हाताला धरून आणलं आणि पुढच्या खोलीत आरामखुर्चीत बसवलं. गालांची हाडं वर आली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. जैन नेमाप्रमाणे संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत त्यांना जेवायला लागायचं, म्हणून वैजयंतीनं मऊ भात आणि मुगाचं वरण पुढं ठेवलं. दवाखान्यातल्या त्या बुधवारनंतर दोघी पहिल्यांदाच एकट्या होत्या.

अक्का सावकाश जेवल्या. ताट बाजूला सारून म्हणाल्या, "गावभर सांगत सुटलेत, अक्कानं धाकट्या जावेला माफ केलं म्हणून. कोण सांगतंय?"

"मी नाही, अक्का."

"मी केलेलं नाही. कधी करीन तेही माहीत नाही. सहा आठवडे तुझी पाठ चोळली मी. नळीचं तेव्हाच तोंडातून काढलं असतंस तर दोघींचीही वेळेत तपासणी झाली असती." त्यांना धाप लागली. वैजयंती उठायला लागली तशी त्यांनी हातानंच तिला बसवलं. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता जायचंय?"

"साडेसातला. श्रेणिक सोडतील."

"त्याला कामावर जाऊ दे. मी येते."

"तुम्हाला कुठं झेपणार आहे? चार दिवस तरी घरी..."

"पहिले दोन दिवस काही वाटत नाही," अक्का म्हणाल्या. "माणूस उगाच खुशीत असतं. चौथ्या दिवशी छातीवर कुणी तरी बसल्यासारखं होतं, आणि डॉक्टर, नर्स, सगळे धीर देतात, पण त्यातल्या एकालाही ते काय आहे ते माहीत नसतं. मला माहीत आहे." त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला सुरुवात केली. "माझी ती निळी शाल पिशवीत घाल. तिथला पंखा फार लागतो."